खाली लाट किती?

पाऊस पडतोय असं कुणी म्हटलं की ते आधी खिडकीतून हात बाहेर काढायचे. पत्रा तडतडत असायचा, पागोळ्या गळत असायच्या, रस्त्यानं माणूस घोंगडी पांघरून चाललेला समोर दिसायचा, तरी हात बाहेर. मग हात आत घ्यायचे, नाकाशी धरून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हां. पडतोय."

आणि या माणसाची नोकरी कसली, तर पाऊस मोजायची.

आमचं ऑफिस मुळशीच्या रस्त्याला, माले गावाच्या पुढं. दोन खोल्या, व्हरांडा, मागं कुंपणात पितळी पर्जन्यमापक. माणसं तीन. साहेब, हे, आणि मी टायपिस्ट. मी एकोणीस वर्षांची, टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली, आमच्या वस्तीतली ऑफिसात खुर्चीवर बसणारी पहिली मुलगी. त्यामुळं दिवसभर जे बघितलं ते संध्याकाळी विहारात बायका जमल्या की सगळं सांगायचं, असा माझा नेमच होता. आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. खरं होतं ते. आत्ताही बघा, कुठून सुरू केलं आणि कुठं निघाले.

तर ते. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, कोकणातले, अगदी समुद्राच्या काठावरचे. विश्वास हा प्रकारच त्यांच्याकडं नव्हता. पर्जन्यमापकातलं पाणी मोजायची काचेची नळी सरकारनं दिलेली, तर ती बरोबर आहे का हे बघायला त्यांनी स्वतःची दुसरी नळी आणलेली. दोन्हींत मोजायचे. दोन्ही जुळल्या तर जास्तच संशय यायचा. उन्हाळ्यात महिनोन् महिने एक थेंब नसायचा, तरी रोज सकाळी डबा उघडून आत बोट फिरवणार, मग उलटा करून झटकणार, मगच वहीत शून्य लिहिणार. किती वाजले हे तीन माणसांना विचारायचे आणि मधलं उत्तर धरायचे. हॉटेलवाल्याला चहा टाकायच्या आधी दूध दाखवायला लावायचे. हॉटेलवाला त्यांना वैतागून म्हणाला होता, म्हस बी आनून दावू का?

रेडिओवर हवामान लागलं की मान हलवत ऐकायचे. "मुंबईत खुर्चीवर बसून सांगतोय. खिडकी तरी उघडली काय त्यानं?"

इथवर लोकांना गंमत वाटायची. बिघडलं ते पाटीमुळं.

व्हरांड्यात काळी पाटी होती. तिच्यावर रोज खडूनं पावसाचा आकडा लिहायचा, एवढंच काम. पण ते आकड्याच्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ लिहायचे. 'खाली: लाट कमरेला. वारा वायव्येचा. नावा नाहीत.' दोन दिवसांनी, 'खाली: लाट गुडघ्याला. उधाणाची भरती. नावा गेल्या.'

खाली म्हणजे घाटाखाली, कोकणात, त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर. पण हे कुणाला माहीत? दूध घालायला जाणारे, एसटीची वाट बघणारे, सगळे ती ओळ वाचायचे. एक म्हातारा मला म्हणाला, "काय गं ताई, तुमच्या हापिसात समुद्र कवाधरनं आला? हितं धरणात म्हस बसली तरी इतकी लाट येत न्हाई."

मग त्याचा छडा मी लावला. म्हणजे काय, पोस्टमन माझ्याच टेबलावर टपाल टाकायचा. त्यांना एक दिवसाआड पोस्टकार्ड यायचं. उघडं कार्ड, डोळे मिटून थोडंच ठेवणार? वाचलं. 'ती. आबांनी सांगितल्यावरून. षष्ठी. लाट मांडीला, वारा सकाळी मतलई, दुपारी दर्याकडून. नावा गेल्या.' मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडं जाणारा वारा, हे मला नंतर कळलं. कार्डात बाकी काही नाही. कोण आजारी, कुणाचं लग्न, गाईला वासरू झालं का, काही म्हणजे काही नाही. असलं पत्र मी जन्मात बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी विहारात सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी गावात, तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील ऑफिसात.

पोलीस पाटील म्हणजे मोठा विचारी माणूस. साहेबांपुढं बसून हळू आवाजात बोलायला लागला. खाली कोकणात सोन्याची बिस्किटं उतरत्यात, फॉरेनची घड्याळं उतरत्यात, पेपरात येतंय. "आता मला सांगा साहेब, माल होडीतनं वाळूवर उतरवायचा तर लाट किती हाय ते कळाय नगं? त्येचीच ही पाटी."

साहेब घाबरट. त्यांचा चेहरा उतरला. चार दिवसांपूर्वीची लाट मुळशीतल्या पाटीवर वाचून कोकणातला स्मगलर काय करणार, हा प्रश्न साहेबांना पडला नाही, पाटलाला पडला नाही. मला तर नाहीच पडला. मला नुसतं कापरं भरलं होतं, आनंदानं. साहेबांनी सांगितलं, येईल ते प्रत्येक कार्ड आधी टाइप करून एक कॉपी माझ्या ड्रॉवरमध्ये, मग त्याला दे. मी म्हटलं, हो साहेब. मिनिटाला चाळीस शब्दांचा स्पीड होता माझा. एवढंसं कार्ड, दम खायच्या आत संपायचं.

आता एका बाजूनं हेरगिरी आणि दुसऱ्या बाजूनं त्यांच्याशी गप्पा. मी त्यांना विचारायला लागले, खोदून खोदून. त्यांनाही आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. बोलायला लागले.

त्यांच्या गावाला खाडी नाही. "खाडी असली की नाव घरातून निघाल्यासारखी निघते गो बाय. आमच्याकडं समुद्र थेट तोंडावर." उघडा किनारा. वाळूवरून नाव ढकलायची ती सरळ फुटणाऱ्या लाटेत. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, पाच-सात मिळून येतात, मग थोडा वेळ पाणी दम खातं. त्या दमात नाव पलीकडं गेली तर गेली. नाहीतर लाट नावेला आडवी करते आणि ढकलणाऱ्यांच्याच अंगावर फेकते. म्हणून वाळूवर एक माणूस उभा राहतो. तो लाटा मोजतो. हात वर करतो. त्यानं हात दिल्याशिवाय वाडीतली एकही नाव हलत नाही. आणि तो माणूस म्हणजे यांचे वडील, आबा. कितीतरी वर्षं.

मी म्हटलं, मग तुम्ही का नाही झालात तसे?

"मी पण मोजायचो. आबांच्या मागं उभा राहून. आबा म्हणायचे सहा, मी म्हणायचो अजून एक आहे. माणसं नावेला खांदा लावून उभी, आणि आम्ही बापलेक भांडतोय." ते हसले नाहीत. "आबांनी माझी पेटी भरली. म्हणाले, एका वाळूवर दोन मोजणारे झाले तर नाव फुटते. तू वर जा, शाळा शिक."

निघताना यांनी वडिलांना अट घातली. तुम्ही काय मोजलं ते दिवसाआड मला कळवायचं, मी तपासणार. आणि आबांनी ती पाळली. आबा निरक्षर, आधी थोरल्या भावाकडून आणि भावाचं लग्न झाल्यावर वहिनीकडून लिहून घ्यायचे. तेव्हापासून कार्डं चालू. यांच्याकडं वह्या भरल्या होत्या. तिथी लावायचे, भरतीची वेळ काढायचे, रेडिओशी जुळवायचे. घाट चढून सुकट-बोंबील विकायला एक बाई यायची, यांच्याच गावाकडची. तिला टोपली उतरवायच्या आधी विचारायचे, खाली लाट किती? ती बिचारी म्हणायची, पाणी तरी दे रे आधी.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, सराईत माणूस अशीच गोष्ट रचतो. मलाही तसंच वाटलं. एवढं चांगलं जुळतंय म्हणजे रचलेलंच असणार. बघा, त्यांच्याजवळ बसून बसून मलाही त्यांचाच रोग लागला होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. कार्ड आलं, 'अष्टमी. भांगाची भरती. लाट गुडघ्याला. नावा गेल्या.' भांगाची म्हणजे कमी पाण्याची भरती, ती अष्टमीच्या आसपास असतेच. त्यांनी वहीत टिकमार्क केला. दोन दिवसांनी सुकटवाली आली. तिला विचारलं, अष्टमीला काय होतं? ती म्हणाली, काय होतं म्हणजे, तीन दिवस नावा वाळूवर. वारा नाही, ढग नाही, आभाळ धुतल्यासारखं, आणि लाट ही अशी छातीवर. लांब कुठंतरी वादळ झालं असेल, त्याची लाट आमच्या दारात.

त्यांनी वही पुन्हा उघडली. म्हणाले, ही बाई खोटं बोलते. मग म्हणाले, खोटं बोलून हिला काय मिळणार. मग दिवसभर जुन्या वह्या चाळत बसले.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. गेल्या आठवड्याची चार कार्डं त्यांच्या टेबलावर होती, ती ओळीनं मांडली. आणि मला दिसलं. टायपिस्टला हे दिसतंच, रिबन संपत आली की अक्षर कसं फिकं होत जातं. पहिलं कार्ड काळंभोर. दुसरं जरा फिकं. तिसऱ्याच्या शेवटी अक्षर इतकं पुसट की वाचायला त्रास. चौथ्याची पहिली ओळ तशीच पुसट, आणि मग मध्येच एकदम काळी. म्हणजे पेनातली शाई संपली, भरली, पुढं लिहिलं. चार कार्डं, आठ दिवसांच्या चार वेगळ्या तारखा, पण एका बैठकीत लिहिलेली. टाकली होती मात्र एकेक करून, त्या त्या तारखेला. दिवस उजाडायच्या आधीच लाट लिहून ठेवलेली.

ते आत आले तशी मी बडबडत सुटले. आधी दाखवलं आणि मग लक्षात आलं की आपण यांची कार्डं हाताळतो हे आपणच यांना सांगितलं. त्यांनी कार्डं उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा धरली. मग विचारलं, "तुला ही बघायला कुणी सांगितलं?"

मी सगळं कबूल केलं. साहेब, पाटील, ड्रॉवरमधल्या कॉप्या. रडायलाच आलं होतं.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "मी पण तेच केलं असतं." आणि खुर्चीवर बसले. "तिथी आधी कळते. भरती आधी कळते. म्हणून मला इतके दिवस जुळत राहिलं. लाट आधी कळत नाही. बाय, माझा बाप मेलेला आहे, आणि ही माणसं मला लाटा लिहून पाठवतायत."

त्याच दुपारी रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला, साहेब यायची वाट न बघता, आणि सुकटवालीबरोबर घाट उतरून गेले.

पाटील म्हणाला, "पळाला. मी म्हनलं नव्हतं?"

साहेबांनी मला रिपोर्ट टाइप करायला लावला. संशयास्पद हालचाली, सांकेतिक पत्रव्यवहार, परवानगीशिवाय गैरहजर. कॉप्या सोबत जोडल्या. एकही चूक न करता टाइप केला मी, आणि त्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. साहेबांनी सही केली आणि ठेवून दिला. तो आला तर खुलासा विचारू, नाहीतर पाठवू.

पाचव्या दिवशी ते आले. साहेब पौडला गेले होते. ते थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसले, पायावर धूळ तशीच.

"आबा आहेत," म्हणाले.

मला इतकं हायसं वाटलं. पण त्यांचा चेहरा काही तसा नव्हता. म्हणाले, "तू शोधलंस, म्हणून तुला पुरतं सांगणं भाग आहे. अर्धं सांगितलं तर तू शोधत राहशील." हे मात्र त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

ते घरी गेलेच नव्हते आधी. पहाटे किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडीत जाऊन उभे राहिले. स्वतःच्या बापाच्या घरावर पाळत. उजाडलं तसे आबा आले, चालत, पण वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून. वाळूवर उभे राहिले, तोंड समुद्राकडं. वहिनी मागं, कमरेवर टोपली, मासळीची वाट बघणारी कुठलीही बाई उभी राहते तशी. माणसं नावेला खांदा लावून आबांकडं बघतायत. लाटा येतायत. आणि एका क्षणाला वहिनीनं टोपली हळूच आबांच्या पाठीला टेकवली. आबांचा हात वर गेला. नावा सुटल्या.

आबांना दोन वर्षं दिसत नव्हतं. डॉक्टरनं उशीर झाला म्हणून सांगितलेलं. हे घरात तिघांनाच माहीत. लाटा मोजत होती ती वहिनी.

मी म्हटलं, मग कार्डं अशी का?

"तिला सकाळी वाळूवर उभं राहायचं असतं. मग मासळी, मग घर. लिहायला वेळ कुठला? आबा तिथीवरून भरती सांगायचे, लाट दोघं अंदाजानं ठोकायची. मला समजू नये म्हणून." मग म्हणाले, "मी तीन सकाळी झाडीतून मोजलं तिच्याबरोबर. दोन वेळा मला वाटलं, अजून एक मोठी आहे, थांब. तिनं टोपली टेकवली. नावा गेल्या. मोठी लाट आली नाही. मी चुकलो, ती नाही."

"मग तुम्ही घरी काय बोललात?"

"जेवायला बसलो. वहिनी आमटी वाढत होती. म्हटलं, वहिनी, कार्डं दिवसाआड लिहायला जमत नसेल तर एकदम लिहीत जा, मला चालतं. तिचा हात थांबला. आबा म्हणाले, वाढ गो त्याला. बस, एवढंच."

मी उड्या मारायच्या बेतात होते. म्हटलं, आता साहेबांना सांगा, सगळा संशय फिटेल, तो रिपोर्ट मी स्वतः फाडते. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"साहेब पाटलाला सांगतील. पाटील हॉटेलात सांगेल. सुकटवाली तिथंच चहा पिते. चार दिवसांत वाडीत कळेल की हात आबांचा, मोजणी बाईची. बाईच्या मोजणीवर कोण नाव ढकलेल? जो तो आपापलं मोजायला लागेल. एका वाळूवर पंधरा मोजणारे." आणि मग, "मी चोर ठरलो तर एक माणूस चोर ठरतो. त्यात कुणी बुडत नाही."

साहेब आले. खुलासा विचारला. ते म्हणाले, घरचं काम होतं. पत्रांचा अर्थ विचारला. म्हणाले, हवामान. साहेब चिडले, पाटलाला बोलावून घेतलं, पाटलानं दरडावून विचारलं, तरी तेच, हवामान. मग साहेब माझ्याकडं वळले. "तू बसतेस ना त्याच्याजवळ. काही बोलला का तुला?"

साहेब आणि पाटील माझ्याकडं बघत होते. त्यांनी मात्र माझ्याकडं बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत होते.

"न्हाई," मी म्हटलं. ऑफिसात मी कधी असं बोलत नाही, पण घरचाच शब्द तोंडात आला.

रिपोर्ट गेला. महिन्याभरात बदलीची ऑर्डर आली, लांब, जिथं पर्जन्यमापक वर्षातून दहा दिवस ओला होतो अशा तालुक्यात. जाताना त्यांनी साहेबांकडं चार्ज दिला, पितळी डबा साहेबांना उघडून दाखवला, आत बोट फिरवायला लावलं. गावाला खात्री पटली की माणूस स्मगलरच होता. विहारात बायका विचारायच्या, आगं तुला ठावं आसंल की, सांग की. मी म्हणायची, मला काय माहीत. आई माझ्या तोंडाकडं बघायची, ताप आलाय का म्हणून.

तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. तीन वर्षं! आता सांगतेय, कारण या माघात सुकटवाली आली आणि तिनंच सगळं सांगितलं, रस्त्यावर, मोठ्यानं.

आबा गेले. बारावं-तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी एकटी वाळूवर येऊन उभी राहिली, जिथं आबा उभे राहायचे तिथं. टोपली नव्हती. माणसं आपापल्या नावेपाशी बसून राहिली. कुणी उठलं नाही. लाट मांडीच्या वर होती. वहिनी मोजत उभी. तिचा नवरा एकटा उठून आपल्या नावेकडं गेला. आणि हे, दिवसांसाठी आलेले, पँट वर दुमडून दुसऱ्या बाजूला गेले. नावेला सहा माणसं लागतात. दोघांनीच खांदा लावला आणि थांबले. कितीतरी वेळ तसेच. मग एक म्हातारा विडी टाकून उठला. मग आणखी दोघं.

वहिनीनं हात वर केला आणि नाव गेली.

मी सुकटवालीचा दंडच धरला. "आणि ते? ते मोजत होते का गं?"

"नाय गो," ती म्हणाली. "समदी लाटेकडं बघत होती. हा एकटाच खाली वाळूकडं बघत होता."